एकेचाळिसावा चाकू

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी आमच्या सुयोग सोसायटीत मटण शिजलं असा जो बोभाटा झाला, त्यात मटण नव्हतं हे मी आजही शपथेवर सांगायला तयार आहे. हाड होतं. पण ते कुठल्या रश्श्यात नव्हतं, एका चाकूच्या मुठीला होतं, आणि मी त्याला तापलेली सुई टोचत होतो.

आता बारामतीतल्या एका कॉलेजात कार्यालयीन अधीक्षक असलेला, त्रेपन्न वर्षांचा, सरळमार्गी माणूस उपवासाच्या दिवशी ओट्यापाशी उभा राहून हाडाला चटके का देतो, असा प्रश्न कुणालाही पडेल. माझ्या बायकोला, वृषालीला, तो गेली अकरा वर्षं पडतोच आहे. मला जुने घडीचे चाकू जमवायचा छंद आहे. त्यातही हाडाच्या मुठीचे. सोबतीला हाडाच्या मुठीचे दोन वस्तरे, एक दाभण आणि एक बिजागरी तुटलेला अडकित्ता. लोक तिकिटं जमवतात, नाणी जमवतात, त्यांना रसिक म्हणतात. माझ्या संग्रहाला आमच्या घरात 'हाडं' म्हणतात. "अहो, तुमची हाडं उचला, मला केर काढायचाय," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की माझ्या पश्चातही ते याच शब्दांत म्हटलं जाईल अशी मला भीती वाटते. देवघरापासून सगळ्यांत लांबची जागा म्हणून वृषालीनं संग्रहाला चपलांच्या कपाटातला वरचा कप्पा दिला आहे. तिथं प्रत्येक नग तेलाच्या फडक्यात गुंडाळून, नंबराची चिठ्ठी बांधून ठेवलेला असतो.

तर सुईचं कारण असं, की हल्ली नकली मुठी फार येतात. मूठ प्लॅस्टिकची असेल तर तापलेली सुई आत जाते. अस्सल हाड असेल तर सुई जात नाही, नुसता वास येतो. हे मी एका विलायती व्हिडिओत पाहिलं होतं. पण वास कसा येतो आणि किती मजले जातो हे त्या साहेबानं सांगितलं नव्हतं, आणि श्रावण म्हणजे काय हे तर त्याच्या गावीही नव्हतं.

वास आला तो बोकडाचे पाय भाजतात तसा. पाच मिनिटांत सोसायटीच्या ग्रुपवर पहिला संदेश पडला : 'आज सोमवार आहे याचे काही जणांना भान असावे.' दुसरा : 'बी विंग.' तिसरा एका बाईंचा, ज्यांनी आजवर गुलाबाच्या फुलाखेरीज काही पाठवलं नव्हतं : 'दुसरा मजला. खिडकी उघडी आहे.' आणि मग दारावरची बेल वाजली.

बाहेर विजयसिंहराव उभे होते. ते आमचे चेअरमन. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांनी सोसायटीच्या पाण्याची आणि नीतीची पाळी सांभाळली आहे.

"भाऊसाहेब," ते हळू आवाजात म्हणाले, "खायचं तर खावा. कोण न्हाय खात? पर श्रावणात न्हाय, आन् खिडकी उघडी टाकून तर न्हायच न्हाय."

इथं मी माझ्या आयुष्यातली एक घोडचूक केली. 'सॉरी, परत नाही होणार' म्हणून दार लावलं असतं, तर एक श्रावण माझ्या नावावर खराब झाला असता, बस्स. पण माझा स्वाभिमान दुखावला गेला. मी त्यांना हाताला धरून आत आणलं, चपलांचं कपाट उघडलं आणि माझं निर्दोषत्व सोफ्यावरच्या चादरीवर पसरून दाखवलं. नग एकूण एकेचाळीस.

विजयसिंहरावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मटण बरं हुतं," ते म्हणाले. मग वृषालीकडे वळून त्यांनी अतिशय मायेनं विचारलं, "वहिनी, तुमाला घरात काय तरास न्हाय ना?"

त्यानंतर तासाभरात बी विंगमधलं प्रत्येक घर आमच्याकडे येऊन गेलं आणि प्रत्येकानं सल्ला दिला. एकांनी सगळं विकून म्युच्युअल फंड घ्यायला सांगितलं. एकांनी वास्तुशास्त्राप्रमाणे हाड आणि चप्पल एका कप्प्यात आल्यानं माझी बढती अडली आहे असं सांगितलं. मी म्हटलं, माझ्या वर आता फक्त प्राचार्य आहेत. ते म्हणाले, तेच म्हणतोय. पण शेवटचा शब्द विजयसिंहरावांचा होता.

"चाकू हातात धरून फोटो टाकला तरी पोरांना आत घेत्यात. तुमच्याकडं तर एकेचाळीस हायेत. उद्या कुनी तक्रार करायच्या आत आपल्या पायानं चौकीत जावा, दाखवा आन् नोंद करून टाका. कागुद झाला की भ्या न्हाय."

नोंद! हा शब्द ऐकला की माझ्या अंगावर मूठभर मांस चढतं. सव्वीस वर्षं मी नोंदींवर जगलो आहे. मंगळवारी अर्धी रजा टाकून मी सगळे नग कापडी पिशवीत भरले आणि आमच्या हद्दीतली चौकी गाठली.

पण चौकीत शिरण्याआधी त्या एकेचाळिसाव्या चाकूबद्दल सांगायला हवं, कारण सुई त्यालाच टोचत होतो आणि पुढचं सगळं रामायण त्याचंच आहे. तो मला आदल्याच रविवारी पळसदेवला मिळाला होता. मिळाला, असं मी समजत होतो.

इंदापूरला नईमचं भंगाराचं दुकान आहे. वजनावर आलेल्या लोखंडात एखादी हाडाची मूठ दिसली की तो माझ्यासाठी बाजूला ठेवतो. त्यानंच सांगितलं, "पळसदेवच्या कुशामावशीकडं एक हाय, भाऊसाहेब. पन ती इकनार न्हाय. नुस्ता बगून या." मी गेलो. गावाच्या कडेला, रस्त्यालगत, एका डेरेदार बोरीखाली सत्तरी ओलांडलेल्या कुशाबाई काळ्या पिशव्यांत माती भरत बसल्या होत्या. चाकू त्यांनी कनवटीलाच खोचला होता. एकच पातं, पितळी खिळे, आणि पिवळट हाडाची मूठ, जिच्या मागच्या टोकाला हाडाचीच पातळ चपटी जीभ निघाली होती. असा नमुना मी फक्त चित्रात पाहिला होता.

मी रुबाबात माझं भिंग काढलं. पातं उजेडात धरलं. नखावरून धार फिरवली आणि हळहळून मान हलवली. "गंज धरलाय, मावशी. असा ठेवतात का?"

"त्येच म्हनते मी," कुशाबाई म्हणाल्या. "न्हेतासा का?"

मी भिंग खिशात टाकलं. "नेतो की! पण तुमची काय अपेक्षा आहे?"

"चांगला व्हावा, येवढीच."

"आणि पैसे?"

"ते तुमी सांगायचं."

मी भारावून गेलो. म्हटलं, पैशाचं बोलून तुमचा अपमान नाही करत. "बरं बाई," त्या म्हणाल्या, "मग बोरं आली की पिशवीभर न्ह्या." आणि त्यांनी चाकू माझ्या हातात न देता जमिनीवर ठेवला. "धारंची वस्तू हातात देऊ न्हाय. वैर येतं. उचला." मी गाडी सुरू केली तेव्हा त्या मागून ओरडल्या, "शनवारपतुर, हां!" मला वाटलं, गावात सप्ताह असेल आणि हे जेवणाचं आमंत्रण. मी काचेतून हात हलवून होकार दिला. परतीच्या वाटेवर भिगवण येईपर्यंत मी ग्रामीण महाराष्ट्राच्या दिलदारपणावर मनातल्या मनात भाषण केलं. चाकू देते, वर बोरं देते, वर जेवायला बोलावते!

घरी येऊन चिठ्ठी लिहिली : 'नग क्र. ४१. मागील जीभ पत्रे उघडण्यासाठी. बहुधा एखाद्या इंग्रज कलेक्टराचा.' फोटो संग्राहकांच्या ग्रुपवर टाकला. नाशिकच्या एका जाणकारांनी 'अप्रतिम' असं लिहून हात जोडले. त्या आनंदातच मी सोमवारी सुई तापवली.

तर चौकी. टेबलामागे प्रगती मॅडम होत्या, हवालदार. समोरच्या बाकावर कुठल्याशा भानगडीत आणून बसवलेला एक मिशीवाला इसम होता.

"पिशवीत काय आहे?" मॅडमनी विचारलं.

"एकेचाळीस चाकू."

बाकावरचा मिशीवाला माझ्यापासून हातभर लांब सरकला.

"सापडले कुठं?"

"घरी."

"कुणाच्या?"

"माझ्या."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मग तक्रार कुणाविरुद्ध?"

"कुणाविरुद्धच नाही. नुसती नोंद करायचीय."

दीड तास नोंद चालली. त्यात वस्तरे, दाभण, अडकित्ता सगळेच चाकू म्हणून लागले, मीही हरकत घेतली नाही. अक्षर सुवाच्य, रकाने बिनचूक. मला मनापासून समाधान वाटलं. मी पिशवी उचलायला हात पुढे केला, तशी मॅडमनी ती आपल्याकडे ओढली.

"हे आता राहतील इथं."

"म्हणजे? मी परत न्यायला आणलेत!"

"आणलेच कशाला मग? आणून दिलं की नोंदवावं लागतं, आणि नोंदवलं की साहेबांच्या सहीशिवाय सोडता येत नाही. साहेब बंदोबस्ताला गेलेत, सोमवारी येतील. आणि मुठी हाडाच्या आहेत म्हणता, हरणाच्या शिंगाच्या नाहीत कशावरून? तसा डॉक्टरचा दाखला आणा."

"कुठल्या डॉक्टरचा?"

"जनावरांच्या."

'साहेबांच्या सहीशिवाय होणार नाही.' हे वाक्य मी खिडकीच्या आतल्या बाजूनं सव्वीस वर्षं म्हटलं आहे, आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हटलं आहे. बाहेरच्या बाजूनं ते कसं ऐकू येतं याची मला कल्पना नव्हती.

बुधवारी दुपारी ऑफिसात फोन वाजला.

"धारवाले का?"

"मी अधीक्षक बोलतोय," मी म्हणालो. "कोण पाहिजे?"

"ते आसंल. माज्या चाकूला धार लावली का? मी कुशाबाई. पळसदेव."

मला सगळं समजायला अर्धं मिनिट लागलं. भिंग, नखावर फिरवलेली धार, गंज बघून हलवलेली मान! त्या बाईंना मी धार लावणारा वाटलो होतो. चाकू त्यांनी मला दिलाच नव्हता, कामाला दिला होता. आणि पिशवीभर बोरं ही माझी मजुरी होती.

तो फोन संपल्यावर मी लगेच नईमला फोन लावला. "अरे, तू मावशीला माझ्याबद्दल सांगितलंस तरी काय?"

"काय सुदीक न्हाय," नईम म्हणाला. "तुमी गेल्यावर तिचाच फोन आला. म्हनली, नईम, धारवाला झ्याक धाडलास, भिंग लावून बगतो. मला वाटलं, तुमीच कायतरी जोडधंदा काडला. नंबर मागितला, तर हापिसातला दिला."

माझ्या प्रतिष्ठेची जी काही चिरफाड झाली ती झालीच. पण त्याहून वाईट ते होतं, जे कुशाबाईंनी त्यांच्या फोनवर पुढे सांगितलं. रस्ता रुंद होणार होता आणि ती डेरेदार बोर रस्त्यात जात होती. ती साधी बोर नव्हती. उजनी धरणाच्या पाण्यात जुनं गाव बुडालं तेव्हा त्यांच्या परसातलं झाड पाण्याखाली गेलं. त्याच्या काड्या कुशाबाईंनी ओल्या फडक्यात गुंडाळून, कमरेला बांधून वर आणल्या आणि नव्या जागी गावठी बोरीवर त्यांचे डोळे भरले. डोळे भरणं म्हणजे चांगल्या झाडाच्या काडीवरचा कोंब सालीसकट काढून गावठी रोपाच्या सालीत बसवायचा. आता तेच त्यांना पुन्हा करायचं होतं. सोमवारी मशीन यायच्या आत साठ रोपांवर डोळे भरायचे होते.

"झाड गेलं तर जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "डोळा ऱ्हायला पायजे. शनवारी चाकू द्या म्हंजी झालं."

"दुसरा एखादा चाकू..." मी चाचरत म्हटलं.

"करून बगितलं की. घरच्या सुरीनं धा भरले, धाच्या धा वाळले. साल उचलायला हाडच लागतं. लोखंड शिवलं की साल काळी पडती. ती मागं जीभ हाय न्हवं, ती त्यासाटीच हाय."

म्हणजे इंग्रज कलेक्टरही गेला. मला त्यांना खरं सांगायचा धीर झाला नाही. "होतंय, शनिवारपर्यंत," असं म्हणून मी फोन ठेवला आणि मला स्वतःची इतकी लाज वाटली की त्या दिवशी मी एकाही विद्यार्थ्याचा अर्ज परत केला नाही.

गुरुवारी जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. दवाखान्यात पुढे तीन म्हशी आणि मागे एक बोकड होता. नंबर आल्यावर मी मोबाईलमधले फोटो दाखवले. डॉक्टर सज्जन होते, पण त्यांच्याकडे दाखल्याचा नमुना एकच होता.

"कानातल्या बिल्ल्याचा नंबर?"

"कुणाच्या कानातल्या?"

"जनावराच्या."

"डॉक्टर, ते जनावर वारून शंभर वर्षं झाली."

"मालकाचं नाव?"

"साहेब लोक असावेत. नक्की सांगता येणार नाही."

"मृत्यूचं कारण?" मागचा बोकड माझ्याकडे टक लावून बघत होता. शेवटी डॉक्टरांनी माझी दया येऊन लिहून दिलं : 'छायाचित्रांवरून पाहता सदर जनावरे हयात नसल्याचे दिसून येते. मुठी पाळीव जनावरांच्या हाडाच्या असाव्यात. साथीच्या रोगाची लक्षणे नाहीत. एकूण जनावरे : ४१.'

शुक्रवारी हा कागद घेऊन मी चौकीत उभा राहिलो. प्रगती मॅडमनी तो दोनदा वाचला.

"चाकू एकेचाळीस म्हणून आम्ही धरून चाललो. ही एकेचाळीस जनावरं कुठून आली?"

"तीच ती, मुठीतली. एका हाडात चार मुठी बसतात, पण डॉक्टरांनी..."

"आमच्या नोंदीत जनावर नाही. फरक पडतोय. आता साहेबच काय ते बघतील. सोमवारी या."

मी मॅडमना कुशाबाईंची सगळी हकीकत सांगितली. त्या ऐकून घेताना खरोखर हळहळल्या. स्वतः सुप्याकडच्या, बोरीबाभळीच्या मुलखातल्या होत्या, बोरीचं दुःख त्यांना सांगावं लागलं नाही. "पण भाऊसाहेब," त्या म्हणाल्या, "एक नग आवाराबाहेर गेला आणि साहेबांनी मोजले, तर माझी नोकरी." त्यांच्या जागी मीही हेच म्हणालो असतो.

त्याच संध्याकाळी कुशाबाईंचा फोन आला. या वेळी आवाज बारीक होता.

"मशीन आजच आलं. झाड पडलं." मग त्या लगेच कामाचं बोलल्या. "काड्या काडून वल्या पोत्यात ठिवल्यात. दोन दिस तग धरत्याल. चाकू घिऊन या आता."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "मावशी, चाकू पोलिसांत आहे."

"कुनाला लागला?"

"कुणाला नाही. मीच नेऊन दिला."

"का?"

या 'का'चं उत्तर मी पुष्कळ शोधलं, मला अजून सापडलेलं नाही. मी घडलेलं सगळं सांगून टाकलं. सुई, वास, विजयसिंहराव, नोंद, बोकड, सगळं. सोमवारशिवाय सुटका नाही हेही सांगितलं.

"चौकी कुठं हाय म्हनला?" कुशाबाईंनी विचारलं.

शनिवारी सकाळी नऊ वाजता नईमचा टेम्पो चौकीच्या आवारात शिरला. मागे हौद्यात काळ्या पिशव्यांतली साठ गावठी बोरीची रोपं हालत होती आणि त्यांच्या मधोमध मांडीवर ओलं पोतं घेऊन कुशाबाई बसल्या होत्या. मी फाटकाशीच उभा होतो. रात्रभर मला झोप लागली नव्हती.

"मावशी, चाकू बाहेर नाही देता येत," प्रगती मॅडम दारातूनच म्हणाल्या.

"नगं देऊ," कुशाबाई उतरता उतरता म्हणाल्या. "आमीच आत आलोय की."

मॅडमनी रजिस्टर उघडलं. पुढचं पान बघितलं, मागचं बघितलं. आवाराबाहेर नेऊ नये असं सगळीकडे लिहिलं होतं. आवारात काय करू नये याबद्दल कायदा काही बोलत नव्हता. मॅडमनी नग क्रमांक एकेचाळीस काढला, माझी सही घेतली आणि चाकू कुशाबाईंच्या हातात द्यायला गेल्या. "खाली ठिवा," कुशाबाई म्हणाल्या, "पोलिसाशी वैर नगं." चौकीच्या पायरीवर ठेवलेला चाकू त्यांनी उचलला, उघडला आणि नखावर धार पाहिली.

"धार कुठं लावली?"

सगळी चौकी माझ्याकडे बघायला लागली. मिशीवाला इसम आजही बाकावर होता, तोही बघायला लागला.

"मावशी, मी धारवाला नाही," मी म्हणालो. "मी नुसते जमवतो."

"जमवून काय करता?"

"नंबर देतो."

कुशाबाईंनी यावर थोडा विचार केला. त्यांच्या तोंडावर चेष्टा नव्हती, हे मला जास्तच लागलं. "बरं," त्या म्हणाल्या. "आज धार द्या."

नळापाशी एक शहाबादी फरशीचा तुकडा पडला होता. इस्त्रीच्या पँटसह मी त्याच्यापुढे मांडी घातली. अकरा वर्षांत मी चाळीस चाकूंना तेल लावलं, फडक्यात निजवलं, त्यांचे वाढदिवस सोडून सगळं केलं, पण एकाचीही धार काढली नव्हती. "दाबू नगा," कुशाबाई शेजारी उकिडव्या बसून सांगत होत्या, "पानी सोडा. पातं दगडावर निजवा, उबं धरू नगा. आवो, वाटन वाटताय का?" तीन वेळा त्यांनी चाकू नापास केला. दुसऱ्या वेळी माझं बोट कापलं. चौथ्या वेळी त्यांनी पातं हातावरच्या लवेवरून फिरवलं, चार केस पडले, आणि त्या नुसतं "हां" म्हणाल्या. प्राचार्यांनी माझ्या गोपनीय अहवालात आजवर जे काही चांगलं लिहिलं असेल, ते सगळं त्या 'हां'पुढे मला फिकं वाटलं.

नेमके तेव्हाच विजयसिंहराव आणि वृषाली फाटकातून आत आले. ग्रुपवर 'भाऊसाहेब आत' असा संदेश फिरला होता. वृषालीच्या हातात भगरीचा डबा होता आणि डोळ्यांत पाणी होतं. नळापाशी मांडी घालून, बोटाला चिंधी गुंडाळून, चाकूला धार लावणारा नवरा बघून ते पाणी तिथंच थांबलं.

"ह्यांना सक्तमजुरी दिली का वो?" विजयसिंहरावांनी मॅडमना विचारलं.

मग कामाला सुरुवात झाली. कुशाबाईंनी पहिलं रोप पुढ्यात घेतलं. रोपाच्या सालीला एक उभी, एक आडवी चीर. मग चाकू उलटा फिरवून ती हाडाची जीभ चिरेत सरकवायची, साल अलगद उचलायची, आणि काडीवरचा डोळा आत सोडायचा. मी ज्या जिभेनं कलेक्टराची पत्रं उघडली होती, ती सालीखाली इतकी हळुवार जात होती की सालीला ओरखडाही उठत नव्हता. नईम पिशव्या पुढे करत होता, प्रगती मॅडम प्लॅस्टिकच्या पट्ट्या कापत होत्या आणि वृषाली डोळा मोकळा ठेवून पट्टी बांधत होती. मिशीवाल्या इसमानं हात वर करून आपणही बांधू का असं विचारलं. त्याला परवानगी मिळाली आणि त्याच्या गाठी सगळ्यांत पक्क्या निघाल्या.

"हे काय?" मध्येच कुशाबाईंनी जिभेवरचा काळा ठिपका दाखवला. सुईचा डाग.

"माझीच चूक, मावशी. हाड खरं आहे का ते बघत होतो."

"खरं हाय का मग?"

"हो."

"आसू द्या. हरवला तर वळखायला बरा," त्या म्हणाल्या आणि पुढचं रोप ओढलं.

मला मात्र उसंत मिळाली नाही. दर दहा रोपांमागे धार उतरायची आणि चाकू माझ्याकडे यायचा. त्यात समोरच्या टपरीवरचा चहावाला आपली आल्याची सुरी घेऊन आला. मग मॅडमची डब्यातली सुरी आली. मग विजयसिंहरावांनी इकडेतिकडे बघत खिशातून अडकित्ता काढला. "बसलाच हायसा तर," ते म्हणाले. दुपारी दोनपर्यंत अठ्ठावन्न रोपांवर डोळे भरून झाले, दोन वाटेत मोडली होती. मॅडमनी चाकू मोजून परत पिशवीत टाकला. एकेचाळीसपैकी एकेचाळीस.

सोमवारी साहेबांनी दाखला न वाचताच सही केली. मीही तसंच करतो, त्यामुळे मी काही बोललो नाही. मंगळवारी पळसदेवला जाऊन मी चाकू कुशाबाईंपुढे जमिनीवर ठेवला. त्यांनी तो उचलून कनवटीला खोचला आणि रोपाची एक काळी पिशवी माझ्याकडे सरकवली. "बोरं यायला आता दोन वर्सं. तवर ही न्ह्या. मजुरी." चपलांच्या कपाटात एकेचाळिसाव्या नगाची जागा मोकळी आहे. चिठ्ठी मी फाडून टाकली. रोप गॅलरीत ठेवलं आणि रोज सकाळी भिंग घेऊन त्याच्यासमोर बसायला लागलो. पुढे काटे होतील म्हणून विजयसिंहरावांची लेखी हरकत आली आहे, पण हल्ली ती घेऊन येणारी माणसं दुसऱ्या हातात विळी आणतात.

तीन आठवड्यांनी ऑफिसात फोन आला. खिडकीला विद्यार्थ्यांची रांग होती, समोर खुद्द प्राचार्य बसले होते.

"धारवाले का?"

मी एकदा प्राचार्यांकडे बघितलं.

"व्हय," मी म्हणालो. "धारवाला बोलतोय."

"येकावन्न फुटले," कुशाबाई म्हणाल्या. "तुमच्याकडचा?"

"फुटला, मावशी. काल सकाळी. हिरवा टिपका आलाय."

"बरं झालं," त्या म्हणाल्या, "आन् धार उतरलीय, रविवारी या," आणि फोन ठेवला.

"कुणाचा फोन?" प्राचार्यांनी विचारलं. "घरी सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे सर," मी म्हणालो. "गिऱ्हाईक होतं."